मोरिवलीचे लाटसाहेब

अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापूर या तिन्ही शहरांत मिळून आमच्या लाटसाहेबांइतक्या वेळा मेलेला माणूस आजवर झाला नाही, आणि पुढे होईल असेही मला वाटत नाही. ते फासावर चढले, तोफेच्या तोंडी गेले, किल्ल्याच्या तटावरून कोसळले, गुऱ्हाळाच्या उकळत्या काहिलीत बुडाले, आणि एका चित्रपटात तर नायकाच्या कुत्र्याने त्यांचा गळा फोडला. त्या कुत्र्याचे नाव पडद्यावर झळकले, साहेबांचे नाही. ही हकीकत ते स्वतःच सांगत आणि सांगून झाल्यावर न्यायाधीशाच्या गांभीर्याने म्हणत, "कुत्रा चांगला होता. टायमावर यायचा." मरणे हा त्यांचा व्यवसाय होता आणि त्यात त्यांनी कधी कसूर केली नाही. एकदा मी त्यांना विचारले की गोळी लागल्याचा अभिनय नेमका कसा करावा. साहेबांनी चहाचा ग्लास माझ्या टेबलावर ठेवला, छातीवर हात नेला आणि नुसते आश्चर्याने माझ्याकडे पाहिले. रस्त्यावरच्या दोन बायका थांबल्या. "गोली लागली का मानूस आदी चकित व्हतो," साहेब म्हणाले. "दुखनं मागून येतं. जो आदी दुखनं दाखवतो त्याला कुनी कदी मारलेलंच नाय."

हे उद्गार एका अस्सल इंग्रजाचे आहेत, हे वाचकांनी कृपया ध्यानात घ्यावे. साहेब जन्माने, रक्ताने आणि पारपत्राने ब्रिटिश होते. सहा फूट उंची, निळे डोळे, उन्हाने विटेसारखा झालेला वर्ण, आणि तोंडात मोरिवली गावठाणातील बायकांची भाषा. त्यांचे नाव मी येथे देत नाही. एक तर तशी त्यांची परवानगी घेतलेली नाही, आणि दुसरे म्हणजे आमच्याकडे ते नाव कोणी कधी उच्चारलेच नाही. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या त्या जुन्या गावात ते "लाटसाहेब" होते, आणि त्यांच्या दिवंगत पत्नीच्या तोंडी फक्त "ए".

माझा त्यांचा परिचय माझ्या व्यवसायातून झाला. उल्हासनगरच्या एका सरकारी कचेरीबाहेर गेली सव्वीस वर्षे मी अर्जनवीस म्हणून बसतो. आठवीनंतर शाळेशी माझा संबंध सुटला, परंतु भाषेशी सुटला नाही. शुद्ध, भारदस्त आणि कायद्याच्या वळणाची मराठी लिहिणारा माणूस आज या पट्ट्यात माझ्याखेरीज दुसरा दाखवावा, असे माझे जाहीर आव्हान आहे. साहेब पत्नीसह प्रथम माझ्याकडे आले ते गल्लीतल्या नळाला पाणी येत नसल्याची तक्रार घेऊन. सही घेण्यापूर्वी अर्जदाराला अर्ज मोठ्याने वाचून दाखवायचा, हा आमच्या धंद्याचा रिवाज आहे. साधारणतः अर्जदार त्या वेळी बसची वाट पाहिल्यासारखा इकडेतिकडे बघत असतो. साहेबांनी मात्र डोळे मिटले, मान खाली घातली आणि शेवटच्या "आपला नम्र" पर्यंत श्वास रोखून ऐकले. मग म्हणाले, "तिसरा पॅरा पयला घे. पानी नाय हे लोकांना आदी कललं पायजे. तू पडदा उगडाला लय वेल लावतंस, रायटर."

आमच्यासारख्यांना रायटर तर सगळेच म्हणतात. "ओ रायटर, एक उत्पन्नाचा दाखला टाका." परंतु साहेब तो शब्द उच्चारत तेव्हा मी नाटक लिहिणारा मनुष्य असल्यासारखे मला वाटे. सव्वीस वर्षांत असे दुसऱ्या कोणी वाटू दिले नाही. पुढे जे घडले त्याचे मूळ या सुखात आहे, म्हणून ते आधीच सांगून ठेवतो.

इंग्लंडमधील त्यांच्या पूर्वायुष्याची माहिती त्यांनी मला तुकड्यातुकड्यांनी दिली. समुद्रकाठच्या एका गावात वडिलांचे मासेमारीच्या दोऱ्या-गळांचे दुकान होते. मुलाने दुकान न सांभाळता फिरत्या नाटक कंपनीत भाला धरून उभे राहण्याची नोकरी पत्करली. भाल्यावरून बढती मिळाली ती पत्र आणून देणाऱ्या नोकराच्या कामावर, आणि तेथून थेट राजाच्या भूमिकेवर. पण राखीव नट म्हणून. मुख्य नट आजारी पडला तर साहेबांनी राजा व्हायचे, अशी योजना होती. दोन वर्षे ते रोज संध्याकाळी रंग लावून पडद्यामागे बसले, संपूर्ण नाटक त्यांना तोंडपाठ झाले, आणि तो दुष्ट माणूस एकदा शिंकलासुद्धा नाही. "त्याचं नाटक बंद पडलं त्या दिशी त्याला ताप आयला," साहेब सांगत. मी हसलो की तेही हसत. पण राजाची सगळी भाषणे त्यांना म्हातारपणीही येत होती, हे मला ठाऊक आहे.

पुढे एका मंडळीबरोबर थंड हवेच्या ठिकाणच्या शाळांतून नाटके करीत ते हिंदुस्थानात आले. मंडळी परत गेली. साहेबांना मुंबईत कोणीतरी सांगितले की एका चित्रपटात गोरा कलेक्टर हवा आहे आणि अभिनय येत असला तरी हरकत नाही. तो कलेक्टर तिसऱ्या दिवशी मेला. त्यानंतर चाळीस वर्षे ते मरतच राहिले.

लग्नाची कथा तर मी स्वतः लिहिली असती तरी कोणी विश्वास ठेवला नसता. शिवमंदिराच्या मागच्या माळावर एका चित्रपटाचे चित्रीकरण चालू होते. जुलमी साहेब घोड्यावरून येतो आणि गावकरी त्याला दगड मारतात, असा प्रसंग. गावकरी म्हणून मोरिवलीच्या बायका आणल्या होत्या आणि त्यांच्या हातात थर्माकोलचे दगड दिले होते. त्यांतल्या एका तरुणीने तो दगड हातात तोलून पाहिला, फेकून दिला, खालचा खरा उचलला आणि नेम धरून साहेबांच्या कपाळावर बसवला. चित्रीकरण थांबले. दिग्दर्शक तिच्या अंगावर धावला तेव्हा ती म्हणाली, "खोट्या दगडाला कोन घाबरल? तूच बोल्लास ना, राग खरा दिसला पायजे?" रक्ताळलेले साहेब जमिनीवर बसूनच टाळ्या वाजवू लागले. एवढ्या मंडळींत दिग्दर्शकाचे म्हणणे ऐकणारी ही एकच नटी, असे त्यांचे मत झाले. दुसऱ्या दिवशी ती हळद घेऊन आली. वर्षभरात तिच्या भावांनी आधी साहेबांना आणि मग तिला मारण्याची धमकी देऊन, शेवटी दोघांचे लग्न लावून दिले.

तीच आमची वहिनी. वहिनींनी साहेबांना मराठी शिकवले असे म्हणणे चुकीचे ठरेल. त्या बोलत राहिल्या आणि साहेबांना दुसरा इलाज उरला नाही. त्यामुळे त्यांची मराठी वहिनींची होती. तीत "ळ" नव्हता, "ण" नव्हता, आणि "तुम्ही" तर अजिबात नव्हते. वहिनी जगात कोणाला "अहो-जाहो" करीत नसत, सबब साहेबही करीत नसत. नगरसेवकाला तू, डॉक्टरला तू, देवाला तू. एकदा कचेरीच्या दारात खुद्द तहसीलदारसाहेब समोर आले असता लाटसाहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून विचारले, "काय रं, जेवलास का?" मी टेबलामागे अक्षरशः वाकलो. तहसीलदार भला माणूस होता. तो म्हणाला, "जेवलो बाबा. तू?" माझ्या शेजारी झेरॉक्सचे दुकान चालवणारा सिंधी मित्र आजही हा प्रसंग गिऱ्हाइकांना सांगतो आणि वर म्हणतो, "साईं, पूरे ऑफिस में उस दिन एकच माणूस बोला था. बाकी सब अर्जी देते हैं."

तिन्ही शहरांत राष्ट्रीय सण आला की साहेबांना उसंत नसे. शाळाशाळांच्या संमेलनांत त्यांना मानधनाशिवाय इंग्रज अधिकारी म्हणून उभे करीत. कागदी टोप्या घातलेली मुले त्यांच्याभोवती फेर धरून "चले जाव" ओरडत, आणि साहेब भेदरल्याचा असा काही अभिनय करीत की लहान वर्गातली पोरे रडू लागत. बदलापुरातील कुळगावच्या एका शाळेत तर पहिलीतल्या एका मुलीने "नका ना जाऊ" म्हणून त्यांचा बूट धरून ठेवला, तेव्हा कार्यक्रम दहा मिनिटे थांबवावा लागला. "माझ्या आख्ख्या करियरमधला सगल्यात चांगला परयोग," असे साहेब त्याबद्दल म्हणत.

करियर शेवटी संपले तेही चमत्कारिक रीतीने. स्वस्तात काम करणारी गोरी प्रवासी पोरे मुंबईत मिळू लागली, आणि साहेब उन्हात वाळून वाळून आमच्यासारखे दिसू लागले. एका मालिकेसाठी इंग्रज गव्हर्नर हवा होता. साहेब इस्त्रीचा कोट घालून गेले. निवड करणाऱ्या तरुणाने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिले आणि हात जोडून सांगितले, "सॉरी अंकल, आप फॉरेनर नहीं लगते." साहेब ते वाक्य घेऊन सरळ माझ्या टेबलाशी आले. ते संतापले असतील असे मला वाटले होते. परंतु त्यांचा चेहरा परीक्षेत पहिला आलेल्या मुलासारखा फुलला होता. "रायटर, आता तर झालो ना तुमचा?"

झाले नव्हते. तसे कागदावर असावे लागते. पंचेचाळीस वर्षांत साहेबांनी भारताचे नागरिकत्व मागितले नव्हते, कारण घरात राहण्यासाठी घराकडेच अर्ज करायचा ही कल्पना त्यांना विनोदी वाटे. मुक्कामाचा परवाना वहिनींच्या नावावर मिळत असे. वहिनीच दरवेळी त्यांना हाताला धरून कचेरीत नेत आणि कारकुनाला म्हणत, "ह्यो माझा नवरा. अजून जिवंत हाय. शिक्का मार." तीन वर्षांपूर्वी वहिनी वारल्या, आणि पत्नीच्या आधाराने मिळणाऱ्या परवान्याचा आधारच गेला. पुढच्या नूतनीकरणापूर्वी नागरिकत्व मिळाले नाही तर देश सोडावा लागेल, असे पत्र आले. साहेबांचे वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर. इंग्लंडमध्ये एक पुतणी होती, जिला त्यांनी पाळण्यात पाहिले होते.

पत्र त्यांनी माझ्यापुढे ठेवले. "लिव," एवढेच म्हणाले.

मी लिहिले. माझ्या आयुष्यातील सर्वोत्तम अर्ज मी त्या आठवड्यात लिहिला, हे मी आजही नाकारणार नाही. अर्ज पुढे सरकला, चौकशी झाली, चारित्र्याची प्रतिज्ञापत्रे जोडली गेली, आणि समक्ष सुनावणीची तारीख लागली. त्या सुनावणीत अर्जदाराला देशातील एखादी भाषा पुरेशी येते की नाही, हेही पाहिले जाणार होते. आणि येथे माझी झोप उडाली. माझ्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभे राहू लागले: साहेब वरिष्ठ अधिकाऱ्याच्या दालनात शिरतात आणि विचारतात, "काय रं, जेवलास का?"

मी साहेबांना बजावले. "तिथे मोरिवलीची भाषा तोंडातून निघाली की काम फसले समजा. 'तू' म्हणालात तर संपलेच. मी लिहून देतो तेच बोलायचे. बाहेरचा एक शब्द नको."

"मंजे पार्ट हाय," साहेब म्हणाले.

"पार्ट समजा."

मी बावीस वाक्ये लिहिली. प्रत्येक वाक्य कायद्याच्या कसोटीला उतरणारे होते. महिनाभर दुपारच्या वेळी माझ्या बाकावर तालमी चालल्या. साहेबांनी "ळ" आणला, "ण" आणला, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी जीभ वळवून वळवून "निष्कलंक" आणि "वास्तव्य" हे शब्द असे घासले की मला स्वतःच्याच शब्दांचा नव्याने आदर वाटू लागला. झेरॉक्सवाला हे सारे पाहत होता. एके दिवशी न राहवून त्याने मशीन बंद केले. "साईं, क्यों बिगाड रहे हो बूढे को? जैसा बोलता है वैसा बोलने दो ना. अच्छा बोलता है यार."

"तुला यातले कळत नाही," मी म्हणालो. "ही कचेरी आहे, मच्छी मार्केट नाही."

"मच्छी मार्केट में तो कोई उसको बाहेर नाही काढत," तो म्हणाला आणि पुन्हा मशीन सुरू केले.

साहेबांचा मात्र माझ्यावर विश्वास होता. त्यांच्या धंद्यात एक नियम होता आणि तो त्यांनी इंग्लंडपासून मोरिवलीपर्यंत पाळला होता. नटाने लेखकाची ओळ बदलायची नाही. वाईट असली तरी नाही. "ओल लेखकाची, तोंड आपलं," असे ते म्हणत. तालमीत एकदाच त्यांनी विचारले, "मधीच हापिसरनं दुसरं काय इचारलं तर?" मी उत्तर दिले, "पुढचे वाक्य म्हणायचे. सरकारी प्रश्नांना क्रम असतो." हे उत्तर मी कोणत्या अनुभवावर दिले, ते मला आजतागायत सांगता आलेले नाही.

सुनावणीच्या दिवशी अर्जदार वृद्ध असल्याने मला मागच्या खुर्चीवर बसण्याची परवानगी मिळाली. अधिकारी एक तरुण बाई होत्या, आवाजाने मृदू. त्या म्हणाल्या, "बसा ना आजोबा. यायला त्रास नाही ना झाला?"

साहेब बसले नाहीत. दोन पावले मागे गेले, हात पाठीमागे बांधले आणि शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सदर अर्जदार हा गेली पंचेचाळीस वर्षे या भूमीत अखंड वास्तव्य करून असून, येथील जनतेशी त्याचे आपुलकीचे संबंध प्रस्थापित झालेले आहेत."

दारातला शिपाई आत डोकावला. खरे सांगायचे तर त्या क्षणी माझी छाती भरून आली. माझे वाक्य इतक्या इतमामाने कोणी कधी उच्चारले नव्हते.

"वा," बाई म्हणाल्या. "छान. आता आपण साधंच बोलू. आज सकाळी नाश्त्याला काय खाल्लंत?"

हा प्रश्न संहितेत नव्हता. साहेबांनी पुढचे वाक्य म्हटले: "अर्जदाराचे आचरण निष्कलंक असून त्याचेविरुद्ध कोणत्याही पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल नाही."

शिपाई हसला. बाई हसल्या नाहीत. "नाही, नाश्ता. पोहे, चपाती, काय खाल्लं?"

मी मागून हातवारे केले. माझे म्हणणे असे होते की सोडा ते, तुमच्या तोंडचे बोला. मी हात तोंडाकडे नेला. साहेबांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून मला पाहिले आणि आयुष्यभर पडद्यामागून मिळालेल्या खुणांप्रमाणे या खुणेचाही अर्थ लावला. ते पुढचे वाक्य आणखी मोठ्याने बोलले.

बाईंनी पेन खाली ठेवले. त्या प्रयत्न करीत होत्या, हे मी मान्य केले पाहिजे. "तुमच्या पत्नी इथल्याच ना? त्यांच्याबद्दल सांगा काहीतरी. काहीही."

"अर्जदाराची पत्नी मयत असून, तिचे पश्चात अर्जदार सर्वस्वी निराधार झालेला आहे."

हे म्हणताना साहेबांचे डोळे भरून आले होते. दगड मारून नवरा मिळवणाऱ्या त्या बाईविषयी त्यांच्यापाशी चाळीस वर्षे पुरेल एवढे बोलणे होते, आणि त्यांच्या तोंडात मी हे वाक्य घालून ठेवले होते.

बाईंनी हलक्या आवाजात विचारले, "आजोबा, हे तुम्हाला कुणी लिहून दिलं?"

दालनात पंखा फिरत होता. मी खुर्चीत होतो. उठून दोन वाक्ये बोलण्यास मला कोणीही मनाई केलेली नव्हती. साहेबांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. ताठ उभे राहून त्यांनी बाविसावे वाक्य म्हटले: "अर्जदार आपला सदैव ऋणी राहील." आणि नटाने करावा तसा लवून नमस्कार केला.

बाहेर आल्यावर त्यांनी कॉलर सैल केली आणि उत्सुकतेने विचारले, "एक शब्द चुकलो नाय ना?"

"नाही," मी म्हणालो. "एकही नाही."

निकाल यथावकाश आला. अर्जदाराने पाठ केलेली उत्तरे दिली, साध्या प्रश्नांचा त्यास बोध झाला नाही, सबब भाषेचे पुरेसे ज्ञान असल्याचे आढळून आले नाही, असा त्यातला मुख्य भाग होता. रिवाजाप्रमाणे मी तो मोठ्याने वाचला. साहेबांनी नेहमीसारखे डोळे मिटून ऐकले. पूर्ण झाल्यावर म्हणाले, "चांगलं लिवलंय. छोटं हाय."

फेरविचाराचा अर्ज करता येत होता, आणि तो मी केला. परंतु फेरविचारासाठी नवीन कारण लागते. ते होते. एका ओळीचे होते: अर्जदारास सदर उत्तरे माझ्याकडून पाठ करून घेण्यात आली होती, आणि त्याची स्वतःची मराठी ऐकली जावी. ही ओळ मी मनात अनेकदा लिहिली. परंतु अर्जदाराला सुनावणीसाठी पढवल्याची कबुली लेखी दिली असती तर कचेरीबाहेरची माझी जागा दुसऱ्या दिवशी राहिली असती की नाही, याची मला खात्री नव्हती. सव्वीस वर्षांची जागा. मुलीचे लग्न ठरत होते. कारणे पुष्कळ देता येतात. ती देणे हा माझा धंदाच आहे. मी अडीच पाने लिहिली, त्यांत अर्जदाराचे वय, एकाकीपण, संधिवात आणि सरकारची थोर परंपरा हे सर्व आले. ती ओळ आली नाही.

मी वाचून दाखवले. साहेबांनी डोळे उघडले. मग म्हणाले, "रायटर, यात तू कुटंच नायस."

"अर्जात अर्जनवीस नसतो, साहेब. तशी पद्धत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्या निळ्या डोळ्यांत राग नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. आश्चर्य होते. मग त्यांनी पेन घेतले आणि सही केली. झेरॉक्सवाल्याने तिन्ही प्रती काढून दिल्या, आणि त्या दिवशी माझ्याशी तो एक शब्दही बोलला नाही.

नवीन कारण नसल्याने फेरविचार फेटाळण्यात आला.

पुतणी स्वतः न्यायला आली. चांगली बाई होती, सगळ्यांना हात जोडून नमस्कार करीत होती. मोरिवलीच्या गल्लीत गाडी उभी राहिली तेव्हा वहिनींच्या वयाच्या दोन-तीन बायका दारात आल्या. त्यांतली एक कमरेवर हात ठेवून साहेबांना रागावली, "कशाला चाललास रं?"

"सरकार बोलतं जा."

"सरकारला सांग, आमी बोलतो नको."

"सांगितला," साहेब म्हणाले. "त्याला माजी भाषा कलत नाय."

बायका हसल्या आणि हसताहसता पदर डोळ्यांना लावू लागल्या. मी गाडीच्या दुसऱ्या बाजूला उभा होतो. साहेबांनी काच खाली करून माझा हात हातात घेतला आणि माझ्या उरलेल्या आयुष्याला पुरेल असे एक वाक्य बोलले. "पार्ट चांगला होता, रायटर. मानूस चुकीचा घेतलास."

याला आता दीड वर्ष होत आले. अधूनमधून साहेबांचा फोन येतो. गेल्या महिन्यात एका संध्याकाळी पुतणीचाच आला. तिचे इंग्रजी आणि माझे इंग्रजी यांची मधल्यामध्ये कशीबशी गाठ पडली. साहेब हल्ली तिच्याशी बोलता बोलता दुसऱ्याच भाषेत शिरतात, नर्सला त्याच भाषेत उत्तरे देतात, आणि त्यांची बुद्धी तर चळली नाही ना अशी शंका तिथल्या डॉक्टरांना येते आहे. ते काय बोलतात ते तुम्ही ऐकून सांगाल का, असे तिचे म्हणणे होते. तिने फोन त्यांच्याजवळ धरला.

साहेब कोणाशी बोलत होते कोणास ठाऊक. पण आवाज स्वच्छ होता. "ती सुकट भाजायची ना, तवा आख्ख्या गल्लीला कलायचं. मी बोलायचो, खिडकी लाव. ती बोलायची, कशाला लावू, चोरी केलीय काय? आनि दोगं हसायचो. लय हसायचो. आता खिडकी हाय. मोठी हाय. उगडून काय करू?"

एक शब्द चुकला नव्हता. कोणत्याही दालनात, कोणत्याही अधिकाऱ्यापुढे हे एवढे पुरले असते. मी फोन कानाशी धरून उभा होतो, आणि पलीकडून पुतणी काळजीच्या स्वरात विचारत होती की अंकल काय म्हणताहेत, काही दुखते आहे का.

इतरांच्या वतीने इतकी वर्षे लिहिणाऱ्या मला तिला सांगण्यासारखे एकच साधे वाक्य सापडले. काही नाही, मी म्हणालो, ते घरच्या गोष्टी सांगताहेत. पुतणी "अच्छा" अशा अर्थाचे काहीतरी म्हणाली, आणि त्यांना बोलू द्यावे म्हणून तिने फोन तसाच त्यांच्याजवळ ठेवून दिला.